नालियाकाची पट्टी

मलाबा, रविवार

प्रिय आईस,

बराझाचा नमस्कार. मी खुशाल आहे, पोटभर जेवतो. हाताला थोडं लागलंय, म्हणून अक्षर वाकडं आहे. तांबड्या कोंबडीची पिल्लं जगली का?

भलतंसलतं कानावर येण्याआधी मीच सांगतो. इथे सरहद्दीवरच्या ट्रकथांब्यावर धंदा करणाऱ्या बायकांचं थेंबभर रक्त आम्ही दवाखान्याची माणसं तपासतो. एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, दोन्ही कळतात. त्यांच्यातल्या नालियाकाच्या पट्टीवर फक्त गरमीची रेघ उठली. ती इंजेक्शनने बरी होते. पण तिच्याकडे आलेल्या ड्रायव्हरने रेघ पाहिली आणि "मला एड्स दिलास" म्हणत तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिचा दात माझ्या बुटाशी पडला. मी मध्ये गेलो, तर त्याने पान्याने माझा हात ठेचला. मग शेजारच्या बायका पातेली घेऊन धावल्या. तो रक्तबंबाळ होऊन पडला, तरी मारत होत्या.

शेवटी नालियाकाच म्हणाली, "पुरे गं. आता याचंही बोट टोचा."

"सुई नको," तो म्हणाला.

"पाना चालतो, आणि सुई नको होय रे, राजा?"

बायका हसल्या. त्याने बोट पुढे केलं. त्याच्या पट्टीवर एचआयव्हीची आणि गरमीची, दोन्ही रेघा उठल्या.

आई, बाबाही याच रस्त्याने ट्रक नेतात. ते असे नाहीत. तरी ते घरी आले की दोघं तपासून घ्या. बाबांना हे सांगताना आत्याला जवळ बसव, आणि ट्रकमधला पाना आधी लपव.

तुझी काळजी करणारा,
बराझा