हार न घातलेला फोटो

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोळेगाव, ता. मुखेड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शिवमूर्तीचा शि. सा. न.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच ठरवतेस, म्हणून पत्र. गुडघे कसे आहेत? माझं डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं. आता बघायला नको तेही स्पष्ट दिसतं.

गावात एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या दोघांचं स्मारक होतंय, आपल्या सिद्धलिंगअण्णाचं आणि व्यंकटीचं. सोळा डिसेंबरला उद्घाटन. काळ्या दगडावर चेहरे कोरणार आहेत. व्यंकटीचा फोटोच नाही. त्याचा पुतण्या आनंदराज पाहुण्यारावळ्यांच्या पेट्या धुंडाळून थकला. लोक मला म्हणतात, तुमचं बरं हाय, तुमच्याकडं फोटो हाय. तो महिनाअखेरीस द्यायचा आहे.

अक्का, बावन्न वर्षं पोटात ठेवलेलं सांगतो. तो फोटो अण्णाचा नाही. माझा आहे.

तुला आठवत असेल, तार आली, अण्णा आला नाही. आपल्यात माती देतात, त्याला तिकडंच अग्नी दिला. समाधी नाही, घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही. अव्वानं अन्न सोडलं. शेवटी अप्पा मला मुखेडला स्टुडिओत घेऊन गेले. मी सतरा वर्षांचा. तिथला खाकी कोट अंगावर चढवला, फोटोवाल्यानं ब्रशनं मिशी रंगवली. अप्पांनी घरी सांगितलं, पलटणीतून आलाय. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला शाळेची पोरं मला सलाम ठोकतात आणि मी शेजारी खुर्चीत बसून असतो. लई थकलो गं. आता अण्णाला आठवायला जावं तर तोच फोटो पुढं येतो. त्याचा खरा चेहरा मला आठवतच नाही. दगडावर तरी माझं तोंड नको. पण खरं सांगावं तर अप्पा लबाड ठरतात. काय करू?

रागव, पण एका पत्रापुरतंच.
तुझा,
शिवमूर्ती


उदगीर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. शिवमूर्तीस,
अ. उ. आ.

राग कसला? मला ठाऊक होतं. अव्वालाही होतं. रंगवलेल्या मिशीनं आई फसेल, असं तुम्हा बापलेकांनाच वाटावं!

त्या पंचमीला मी माहेरी आले, तर अव्वा फोटोपुढं हात जोडून बसलेली. हार का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली की फोटोतलं धाकलं हाय, जित्या लेकराला हार कसा घालू. तुझ्या बापाला बोलू नको म्हणाली, त्यानं लई जीव लावून आणलाय. आणि त्या दिवशी जेवली. मरेपर्यंत तिनं त्या फोटोला हार घातला नाही, कुणाला घालू दिला नाही. गावाला वाटलं, तिला अण्णा गेलेला पटत नाही. ती रोज सकाळी तुझ्यासाठी औक्ष मागत होती, वेड्या.

अप्पांना बायकोला जेवू घालायचं होतं, त्यात लबाडी नाही. आनंदराजला सगळं सांग. दोघांची नुसती नावं कोरा.

अण्णाची डावी भुवई अर्धीच होती, गाडीवरून पडला तेव्हाची खोक. पुढच्या दातांत फट, हसताना तोंडावर हात धरायचा. कान मोठे, तू ओढायचास. लिहून ठेव.

मोतीबिंदूचे थेंब वेळेवर घाल. म्हातारीची माया आहे तशीच आहे.
तुझी,
सिद्धम्मा


कोळेगाव
१७ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न.

गावापुढं सगळं सांगितलं. मग आनंदराज जवळ आला, हात धरला. म्हणाला, काकाची जागा एकट्याचीच रिकामी राहील म्हणून जिवाला लागलं होतं.

काल दोन नावांना दोन हार पडले. अण्णाचा मी घातला. डोळे मिटले तर तो फोटो आला नाही, अर्धी भुवई आली. मग मी लोकांसमोर रडलो, बावन्न वर्षांचं.

फोटो घरातच ठेवलाय. मी गेल्यावर त्याला हार घालायला हरकत नाही, असं सुनेला सांगून ठेवलं.

गुडघे चालतील तेव्हा ये. कान केवढे होते, ते बोटांनी दाखव.
तुझा धाकटा,
शिवमूर्ती