रामहरीचा सीएफएल

९ जानेवारी, सणसर
दहा एलईडी बल्ब दुकानाच्या भावानं सातशेचे. ते आणि माझी पेटी बारामतीहून आणायला टेम्पो नऊशेचा. उजेडापेक्षा वाट महाग पडली. पण पन्नाशीचा नवरदेव बायकोच्या घरी राहायला येताना रिकाम्या हातानं कसा येणार?

संजीवनीचा पहिला नवरा रामहरी जाऊन चार वर्षं झाली. घर त्याचं, ऊस त्याचा, म्हातारी प्रयागबाई त्याची आई. मी हातगाडीवर बल्ब विकून दुकान उभं केलेला माणूस, मला कसली लाज? तासाभरात घरभर नवे बल्ब लावले. माजघरातला सीएफएल तेवढा म्हातारीनं काढू दिला नाही. रामहरीनं लावलेला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पावणं, त्यो काय भाकरी मागतोय व्हय?"

बारीक गुणगुणतो तो. कुठला बल्ब कुठं गुणगुणतोय ते मी डोळे मिटून सांगतो. हे कान आजवर चुकलेले नाहीत.

१२ जानेवारी
दिवेलागणीला संजीवनी माजघरातलं बटण दाबते आणि त्या सीएफएलला हात जोडते. रीतच आहे, माझी आईही जोडायची. पण ओसरीवर माझा बल्ब लागतो तेव्हा हिचे हात पिठात नाहीतर पदरात. सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, घरात एकाच दिव्याला जोडतात.

एकाच.

१५ जानेवारी
बटण बंद असतानाही तो मधूनच लुकलुकतो. त्यात भुताटकी नाही. बटणातल्या तांबड्या दिव्यातून थोडा करंट जातो, सीएफएलला तेवढा पुरतो. संजीवनीला हे समजावलं. ती हसली. रामहरीही अगदी हेच सांगायचा म्हणे.

१८ जानेवारी
फोडला. दोघी मळ्यात होत्या, तिन्हीसांज होत आलेली. सीएफएल प्लास्टिकच्या बुडाला धरून फिरवायचा, नळीला कधीच नाही. मी नळीच मुठीत धरून पिळली.

आत पारा असतो. फुटला तर खिडक्या उघडायच्या, खोलीबाहेर जायचं, झाडू मारायचा नाही, तुकडे जाड कागदानं उचलून ओल्या फडक्यानं पुसायचं. गिऱ्हाइकांना मी हे पाठ म्हणून दाखवतो. पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि घाईत केरसुणी मारली. धूळ नाकातोंडात गेली.

दारात प्रयागबाई उभी. "पावणं, दिवं लागायच्या वक्ताला केर काढू नगा." रिकाम्या होल्डरकडे बघितलं.

१९ जानेवारी
तिथं माझा एलईडी लावला. संजीवनीनं हात जोडले नाहीत. तोंडाला तांब्याची चव. गुणगुण चालूच. माझा एलईडी गुणगुणत नाही.

२१ जानेवारी
होल्डर उपसून काढला. मेन स्विच पाडून ठेवला. तरी आहे. ओसरीवर गेलो, तिथंही. उसात शिरलो — तिथंही —

२२ जानेवारी
म्हातारी आज पावणं म्हणाली नाही. ताट वाढून हाक मारली. "रामा, जेवून घे" असं —

२३ जानेवारी
दिवेलागण. मेन बंदच. संजीवनी माजघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या तोंडावर पांढरा उजेड, लुकलुकणारा. माझ्या मागं नुसती भिंत. तिनं हात जोडले — मला — हेच तर हवं होतं —

गुणगुण कुठून येते ते कळत नाही. दोन्ही कानांत बोटं घालून बघितली. आवाज तेवढाच —