सब लोग उचलतात

मंगळवार, संध्याकाळ

मनोज आज मला नेपियर टाउनच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं. डोळ्यांत पाणीच आलं. बोटांना मुंग्या येत नाहीत, रात्री हात बधिर होत नाही, म्हणजे नस दबलेली नाही, म्हणाल्या. अंगठ्याकडच्या स्नायूंच्या दोऱ्यांना सूज आहे, लहान बाळाला सारखं उचलून येते. "घर में बच्चे को कौन उठाता है?"

मी तोंड उघडायच्या आत माझा मुलगा बोलला, "सब लोग उठाते हैं."

सब लोग. सून आणि तो, दोघंही सकाळीच ऑफिसला जातात. मग दिवसभर घरात हे सब लोग कोण? स्कूटरवर मागे बसून हेच घोकत होते.

घरी येताच सुनेनं बाळ मनोजकडे दिलं. मनोजनं ते माझ्यापुढे धरलं.

"उचलू नका म्हटलं न डॉक्टरीणबाईंनी," मी म्हटलं.

"हो आई, पण मग आमचं कसं होईल?"

आमचं. तुला फार दुखून राहिलं का, हे काहून नाही विचारलं यानं?

खोलीत येऊन दार लावलं. बाहेर बाळ रडून राहिलंय. मनोज हाका मारून राहिला. मी उठले नाही.