आकडा बरोबर होता, मेंढी दुसरी होती

मी, तनुजा पुंजाराम गोरे, वय एकतीस, राहणार छत्रपती संभाजीनगर, शिक्षणाचे तत्त्वज्ञान शिकवणारी सहायक प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर आहे, पण भीती वाटते. बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा का म्हणाले, याचा विचार करते आहे.

१. बँकेतली शिल्लक आणि गुलमंडीतून आणलेली, घडी न मोडलेली हिरवी साडी आई आवडाबाईला. तिने ती नेसावी, पेटीत ठेवू नये.

२. पुस्तके विभागाच्या ग्रंथालयाला. समासातले पेन्सिलीचे शेरे आधी खोडावेत. काही माझ्या मार्गदर्शकांवर आहेत. "तुमच्यात शाळाच नव्हती, तर शिक्षणाचा विचार कुठला असणार," असे ते पहिल्या भेटीत म्हणाले होते. माझा प्रबंध हे त्याचे उत्तर होते.

३. तो प्रबंध आता पुस्तक म्हणून छापायला गेला आहे. चौथे प्रकरण बदलल्याशिवाय तो छापू नये. नवे पान माझी विद्यार्थिनी सोनिया हिच्याकडे आहे. कारण लिहिते.

शाळेआधी मला आत्या दगडाबाईने शिकवले, कन्नडच्या घाटाखाली, मेंढरांमागे. आमच्यात मेंढरे मोजत नाहीत, तोंडावरून ओळखतात. संध्याकाळी आत्या विचारायची, "कोण नाय आलं?" आम्ही नाव सांगायचो. प्रकरणात मी लिहिले आहे की, आत्या तापाने पडली असताना एका मुलाने नुसती मोजणी केली. आकडा भरला. पण शेजारच्या कळपातली एक मेंढी आमच्यात आली होती आणि आमची गाभण मेंढी मागे राहिली होती. सकाळी ती लांडग्याने फाडलेली सापडली.

तो मुलगा नव्हता, मी होते. नुकतीच शंभरपर्यंत शिकले होते. पाळी आत्याच्या भारतची होती, मी हट्टाने मागून घेतली. सकाळी सगळ्यांनी त्यालाच धरले. मी गप्प राहिले. मामांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला मारले आणि कन्नडच्या एका हॉटेलात कपबशा धुवायला लावले. त्याच जूनमध्ये माझे नाव शाळेत घातले. पुढे ह्याच प्रकरणाचे कौतुक झाले आणि मला नोकरी मिळाली.

४. भारतदादाला काही ठेवलेले नाही. त्याला साक्षीदार करायचे आहे, आणि ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका, असे वकील म्हणाले. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, असेही ते म्हणाले. माझी अट उलटी आहे. त्याने आधी सगळे वाचावे, मग वाटले तर सही करावी. तो वाचेल तेव्हा मी समोर बसणार आहे. मला बुधवारपेक्षा त्याचीच भीती जास्त आहे.

छत्रपती संभाजीनगर, सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५
(सही) तनुजा पुंजाराम गोरे

साक्षीदार:
१. (सही) सत्यशीला अभय देशमाने, सहकारी
२. (सही) भारत कडूबा सोन्नर, जीपचालक, कन्नड

सगळं वाचलं. मला तवाच ठावं व्हतं, आईलाबी. पोर लहान हाय, गप ऱ्हा, म्हणली. बुधवारी सहाला जीप दारात लावतो. आईबी येतीय. कोण नाय आलं, असं तिला इचारायची येळ आणू नको.