गुंडीचं गाठोडं

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवाऱ्यासाठी सामान गोळा करायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात! "तुमच्याकडे गाडी आहे आणि जीभही चालते," असं निवाऱ्याच्या ताई म्हणाल्या. कौतुक समजायचं. जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी – कुत्र्यामांजरांना जे लागेल ते. नियम एकच : सगळं धुऊन आणायचं. आधीच्या बाईंनी कुणाच्या तरी सतरंजीतून पिसवा आणल्या होत्या म्हणे.

आज पहिली फेरी. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी पिशवीभर मोजे दिले. एकाला दुसऱ्याचा जोड नाही! वर म्हणतात, "त्यांना चार पाय असतात, घेतील जुळवून." दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मखमली पडदे दिले, झालरीसकट. आता कुठलं मांजर त्यावर नवाबासारखं लोळणार कोण जाणे. मी कुरकुरले तर सासूबाई म्हणाल्या, "धर्माची गाय आणि दात का गं नाय! घे गुमान."

बुधवार, ५ फेब्रुवारी

निवाऱ्यात गुंडी आली आहे. चौकातल्या म्हाताऱ्या शिंप्यांची कुत्री. शिंपी गेल्या महिन्यात वारले. मुलाने दुकान बंद केलं, बिऱ्हाड हलवलं. नव्या घरमालकाला कुत्रं चालत नाही, म्हणून ही इथे. भिंतीकडे तोंड करून पडून असते. अन्नाला शिवत नाही, सलाइनवर चाललंय.

डॉक्टर म्हणाले, "वय झालंय तिचं. खाल्लं नाही तर फार दिवस नाही काढायची."

"धनी गेल्याचा धसका हा," ताई म्हणाल्या. "घरचं अंथरूण मिळतंय का बघा."

बघते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शिंप्यांच्या सुनेकडे जाऊन आले. दार अर्धंच उघडलं. गाठोडं बांधून तयार होतं. "हे तिचं. न्या." दार बंद! कुत्री कशी आहे, जगली की मेली, एक शब्द नाही. दगड आहे नुसता!

गाठोड्यात कापडाच्या चिंध्या भरून शिवलेली छोटी गादी. मळकट, केसाळ, वास तर विचारू नका. गरम पाण्यात घातली, जंतुनाशक ओतलं, दोनदा धुतली. वाळत घातल्यावर लांबून बघितली. नव्यासारखी!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

घोळ. महाघोळ.

ताईंनी गादी नाकाला लावली. "धुतलीत?"

"दोनदा!" मी. मान ताठ.

"अहो वहिनी, त्या वासासाठी तर मागवली होती!"

"नियम तुमचाच ना, सगळं धुऊन आणायचं?"

"नियमाला डोकं नसतं हो, ते आपलं वापरायचं असतं."

गुंडीने गादी हुंगली, शिंकली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. घरी आल्यावर हे म्हणतात, "बिचारीचं माहेरच धुऊन काढलंस!" स्वतःच्याच विनोदावर हसत बसले. आज वाढून घ्या म्हटलं आपापलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शिंप्यांच्या मुलाला गाठलं. भला माणूस. वडिलांचा स्वेटर दिला, चपला दिल्या. "धुऊ नका हं," असं त्यानेच बजावलं. म्हणजे बातमी गावभर!

तडक निवाऱ्यात गेले. गुंडीने स्वेटर हुंगला. शेपटी हलवली – ओळखीच्या पाहुण्यापुढे हलवावी तेवढीच. मग पुन्हा भिंत. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, "आता सुईला शीरसुद्धा सापडत नाहीये."

ह्यांनी आज विनोद केला नाही. मुकाट्याने मोज्यांची पिशवी गाडीत ठेवून आले.

सोमवार, १० फेब्रुवारी

सासूबाईंनी सकाळीच पदर खोचला. "त्या सुनेला मी चार शब्द सुनावून येते. मुकं जनावर टाकून देते म्हणजे काय!" मी म्हटलं, भांडण नको. ऐकतायत कसल्या! गेल्याच.

परत आल्या त्या अगदी मवाळ होऊन.

"सुनावलंत?"

"सुनावायला गेले आणि ऐकून आले."

"काय ऐकलंत?"

"उद्या तिला गाडीतून निवाऱ्यात ने. आणि वाटेत तोंड मिटून बस – जमेल तुला?"

जमवते. पण ती बाई येऊन करणार काय? जिला दारात साधी चौकशी करवत नाही!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सून आली. हाकसुद्धा मारली नाही. चपला काढून गुंडीजवळ बसली आणि पाय पुढे केले. गुंडीने मान वळवली. खुरडत आली, तिच्या पावलांवर हनुवटी टेकून पडली. मग तिच्या हातातली वाटी तळापर्यंत चाटली.

"शेवटी शेवटी मामंजींना दिसत नव्हतं," सून म्हणाली. "गिऱ्हाइकं तुटतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. पडद्यामागे मशीनवर मीच बसायचे. दोन वर्षं ही माझ्याच पायांशी होती."