नव्या चाकूला तेल

आबा,

मी नव्या चाकूला तेल दिलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा आवाज काय चढायचा तो एकदाच चढेल. तुमच्याच नर्सरीत, तुमच्याच शेडखाली बसून, सगळ्या बायकांच्या देखत दिलं. चाकू उदगीरहून आणला, घडीचा, कलमं करायचा. इतका कडक की पातं बाहेर निघेना; खाचेत नख घालून ओढलं तर नखच उलटं व्हायला लागलं. दुकानातले चाचा हसले. म्हणाले, "ताई, नवा हाय, कडकच राहनार. दोन थेंब मशीनचं तेल सोडा अन् शंभर दफा उघडझाप करा. मग बघा." मी म्हटलं, आमच्याकडं कलमाच्या चाकूला तेल चालत नाही. "का बरं?" त्यांनी विचारलं, आणि मला उत्तर म्हणून तुमचं नाव पुढं करावं लागलं. एवढ्या वयाची बाई मी, आणि अजून आमचे वडील असं म्हणायचे, तसं म्हणायचे! बस अहमदपूरला पोचेपर्यंत मी स्वतःवर चिडलेली होते.

तुमचा तसाच एक नवा चाकू मला आठवतो. मी एकोणीस वर्षांची, लातूरच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली. तुम्ही ओट्यावर बसून तो उघडताय, मिटताय, आणि दर वेळी तोंड वाकडं करताय. मला राहवलं नाही. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी पातं फिरतं त्या खिळ्याच्या जागी शिलाई मशीनचं तेल सोडलं. दुपारी चाकू असा झरझर चालला की तुम्ही एका बैठकीत केसर आंब्याची चाळीस कलमं केलीत. पंधरा दिवसांत चाळीसच्या चाळीस कलमांच्या काड्या काळ्या पडल्या. तुम्ही विचारलंत, मी तेलाचं सांगितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पट्टी बांधणाऱ्या बायकांना म्हणालात, "हिच्या हाताला कलम लागत न्हाई. हिनं आता निस्तं गिऱ्हाईक बघावं." त्या दिवसापासून नर्सरीत दोन नियम झाले. चाकूला तेल नाही, आणि मला चाकू नाही.

तुम्ही गेलात, पण नियम काही गेले नाहीत. भाऊ दरसाल बाहेरून कलमवाला आणायचा आणि मी मोगरा-जास्वंदाच्या पिशव्या विकायची. यंदा कलमवाला नांदेडकडं निघून गेला. भाऊ म्हणाला, राहू दे, नर्सरी कुणाला तरी चालवायला देऊन टाकू. मी म्हटलं, कलमं मी करते. त्यानं लगेच विचारलं.

"आबा काय म्हनले होते, इसरलीस का?"

"न्हाई इसरले. म्हणून तर करून राहिले."

मग त्यानं अट घातली. शंभर कलमं करायची. नाही फुटली तर नर्सरी दुसऱ्याच्या हाती, आणि मी पुन्हा चाकूचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं. नर्सरीशिवाय मला दुसरं काय येतं, आबा? सगळं आयुष्य तिथंच गेलं की.

तीन दिवस मी तो चाकू वळणावर आणला. तेल सोडायचं, उघडायचं, मिटायचं. गिऱ्हाईक भाव करतंय, माझा हात चालूच. खिळ्यातून काळा मळ यायचा, तो चिंधीनं पुसायचा आणि पुन्हा थेंब. चौथ्या दिवशी पातं एका अंगठ्यानं उघडलं. मग साबणाच्या गरम पाण्यानं धुतला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, दगडावर धार लावली. एवढंच करायचं असतं, आबा. तेल धुऊन निघतं. तुमच्या वेळच्या मावशी अजून पट्टी बांधायला येतात, त्या पुटपुटल्या, "मालक असते तर तुला गेटाभाईर काढलं असतं." मी म्हटलं, "मालक न्हाईत मावशी. पट्टी ताणून बांधा."

तिसऱ्या आठवड्यात तांबूस पानं निघाली. शंभरात ऐंशीच्या वर कलमं फुटली. भाऊ रांगेतून वाकून वाकून बघत गेला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः केसरच्या काड्यांचा भारा आणून माझ्यापुढं ठेवला. माझ्या हाताला कलम लागतं. तुम्ही चुकलात. हे तुम्ही असताना तोंडावर सांगायला मिळालं असतं तर मला फार आवडलं असतं.

हे पत्र कुठं टाकणार, म्हणून तेवढं एक लिहून घेते. त्या दिवशी सकाळी कलमाच्या काड्यांवरचं गोणपाट ओलं ठेवायचं काम तुम्ही मला दिलं होतं. मैत्रीण भेटली म्हणून मी स्टँडवर चहाला गेले. आले तेव्हा काड्या उन्हात पडलेल्या आणि गोणपाट कडकडीत वाळलेलं. तुम्ही कलमं करायला यायच्या आत मी ते पुन्हा भिजवून ठेवलं. विचारलंत तेव्हा तेलाचं सांगितलं, कारण तेल तुमच्यासाठी म्हणून दिलं होतं, ते सांगायला बरं वाटत होतं. तुम्ही मात्र पुढं प्रत्येक नवा चाकू कोरडाच उघडत राहिलात. अंगठ्याचं नख मधोमध फाटलं ते शेवटपर्यंत जुळलं नाही. दवाखान्यात ते नख मीच कापायची, आणि तेव्हासुद्धा बोलले नाही.