बारा मशिनं आणि सरांची घंटा

१० जाने. ९८, शनि.
औरंगाबादहून परीक्षा मंडळाचं पत्र आलं. पुढच्या शनिवारी साहेब सेंटर बघायला येणार. बाराही मशिनांवर नवं सॉफ्टवेअर चालू दिसलं तर परीक्षा इथंच, आपल्या क्लासात. नाहीतर पोरांनी औरंगाबादला जायचं. पाली गावच्या तिघी पोरी लगेच म्हणाल्या, "मॅडम, तितं घरचे न्हाई धाडणार." माहीत हाय मला. मलाही नसतं धाडलं.

१२, सोम.
सीडी एकच, ती मोठ्या मशीनला. बाकी अकरांनी वायरीवरून तिथूनच ओढायचं. सरांनी घंटा मारली, अकरा पोरांनी एकदम एंटर दाबलं. दुपारी दोनला सगळीकडे नऊ टक्के. चारला अकरा. मग अडकलंच. सर सारखे खुर्चीतून उठून बघायचे. स्वतःचा टायपिंग क्लास मोडून ही मशिनं त्यांनी माझ्या भरवशावर आणली. बोलत नाहीत ते, पण...

१३, मंगळ.
रिपेरीवाले मुनीरभाई आले. घामाघूम. "मॅडम, वायर बदलली, टोकाची टोपणं बदलली. आता मीच बदलायचा राहिलोय." परत घंटा, परत एंटर. परत नऊ टक्के. डोकं उठलं.

घरी येताना उगाच जुना क्लास आठवत राहिला. पंचवीस टाइपरायटर. सरांचं "तयार? सुरू!", घंटा, आणि एकदम जो खडखडाट उठायचा, पार रस्त्यापलीकडच्या हॉटेलात ऐकू जायचा. कुणी आधीच बोट हलवलं की सर ओरडायचे, "कावून बे, येष्टी सुटायली का तुझी?" माझ्या हातांवर रुमाल टाकून न बघता टाइप करायला शिकवलं त्यांनी. बाबा नको म्हणत होते तेव्हा दोनदा घरी येऊन बसले. आज अकरा जणांनी एंटर दाबलं तर टिक् सुद्धा नाही. त्या आवाजाची लई आठवण आली. रडूच आलं, खरं सांगायचं तर.

१४, बुध. संक्रांत.
पोरांना सुट्टी. सर शेजारच्या दुकानांत तिळगूळ द्यायला गेलते. मी एकटीच. म्हटलं एक तरी मशीन होऊ दे. वीस मिनिटांत पूर्ण! दुसरं लावलं, तेही! अगं बाई! अकरा जण एकाच वेळी त्या एका सीडीला ओढत होते, ती बिचारी कुणाकुणाला पुरणार? घंटाच नडली. आणि मी एवढी शहाणी, पण इतक्या वर्षांत घंटेशिवाय काही सुरू करता येतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

सर आले. सांगणं भाग होतं, अन् नेमकं आजच्या दिवशी. "सर, एकेक लावायचं. घंटा नको." त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "बरं," एवढंच. घंटा खणात टाकली, चप्पल घातली अन् गेले.

१६, शुक्र.
एकापाठोपाठ एक लावत गेले, बाराही झाली. सर काल नाहीत, आज नाहीत. मुनीरभाई म्हणतात, "मनवा ना जाऊन." कोणत्या तोंडानं जाऊ? काम फत्ते झालं त्याचा आनंदही धड होईना.

१७, शनि.
साहेब आले. बाराही मशिनांपुढं पोरं बसवली होती. एकेकापाशी थांबले, पालीच्या पोरीकडून एक पत्र टाइप करून घेतलं. कशी झरझर बोटं चालली तिची! साहेब "कळवतो" म्हणाले, चहासुद्धा न घेता गेले.

सर आलते. इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसून होते. पोरं गेल्यावर म्हणाले, "पोरी, ज्यानं त्यानं आपलं आपलंच सुरू करायचं, तर मग ह्याला क्लास कावून म्हणायचं?"

रागानं नाही, खरंच विचारत होते. "सोमवारी नवी बॅच हाय, सर. या ना," मी म्हणाले.

"बघू."

साहेबांचं कळवतो, सरांचं बघू. मला सरांच्या बघूचीच जास्त धास्ती लागलीय.